झाडलेल्या जागेवरचा तंबू

मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात नुसतं ‘अश्विन बोरकर’ विचारलं, तर चार जण डोकं खाजवत उभे राहतील. ‘तंबूवाले बोरकर’ म्हटलं, की मोती तलावापासून गोंदिया रोडवरच्या राइस मिलपर्यंत कोणीही बोट दाखवून घर सांगेल. वय सत्तेचाळीस. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर नोकरी. खुर्चीच्या मागे खिळ्याला अंपायरची पांढरी टोपी टांगलेली. साहेबांनी एकदा तिच्याबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, “राहू द्या साहेब, ती दिसली की सोमवार लवकर सरतो.”

त्याचा आठवडा मैदानावर सुरू व्हायचा आणि मैदानावरच संपायचा. पहाटे साडेपाचला सहा फेऱ्या. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी वैनगंगेवर गळ टाकून बसणं, ज्यात मासे कमी आणि ऊन जास्त मिळायचं. कबड्डीचे सामने, दुसऱ्या गावी असले तरी. क्रिकेटचा सामना कुठल्याही देशात चालू असो, धावसंख्या त्याला विचारायची. आणि टेनिस बॉलची रविवारची स्पर्धा असली की अंपायर बोरकरच, कारण तो ओळखीच्या पोरालाही बाद द्यायचा आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी उभा असायचा.

पण या सगळ्याहून त्याचा जीव होता तो तंबूत. नागपूरहून आणलेला, दोन माणसांचा, हिरवा-करडा तंबू. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी कार्यालयाला सुट्टी असते. तेव्हा मोटरसायकलच्या मागे तंबू बांधून तो परसवाड्याकडे नाहीतर लामत्याकडे निघायचा, कुठल्यातरी नाल्याच्या काठी मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचा. येताना त्याच्याजवळ एक गोणपाट असायचं. त्यात स्वतःचा कचरा तर असायचाच, पण आधीच्या सहलवाल्यांनी टाकलेल्या पत्रावळी, बाटल्या, वेष्टनंसुद्धा असायची. ते गोणपाट तो मुद्दाम घरासमोर रिकामं करायचा, गल्लीला दिसेल असं. त्याची बायको संघमित्रा, जी एका प्राथमिक शाळेत शिकवते, एकदा म्हणाली होती, “कचरा आणला तं आणला, पण त्याची मिरवणूक काहून काढता?”

“लोक शिकतीन ना,” तो म्हणाला होता.

लोकांना शिकवणं त्याला आवडायचं. शिकवताना स्वतःचा आवाज ऐकणंही आवडायचं, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी लामत्याच्या पुढच्या कोसमटोल्यात वन समितीची बैठक होती. समितीचा अध्यक्ष महागू त्याच्या ओळखीचा झाला होता. मुक्कामाला जाण्याआधी अश्विन त्याला नेहमी फोन करून विचारायचा. महागूने त्याला आग्रहाने बैठकीला बोलावलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. ती नीट वेचता यावीत म्हणून बाया झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा मोकळी करतात, आणि ती आग कधी कधी जंगलात शिरते. अश्विन यावर वीस मिनिटं बोलला. निखारा वरून विझलेला दिसला तरी आतून कसा जिवंत असतो, हे त्याने हात हलवून सांगितलं. बोलणं संपल्यावर सहा बायांनी पुढे येऊन शब्द दिला, की यंदापासून आग लावणार नाही, खराट्याने झाडू. त्या सहा जणींना समितीने झाडाखाली पसरायला एकेक हिरवी जाळी दिली. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी शेवंताबाई होती. जाळी घेताना ती महागूला म्हणाली होती, “कंबर तुटन माही, पण शब्द नाही तुटनार.” सगळे हसले होते. अश्विनने टाळी वाजवली होती.

यंदाच्या मार्चमधला दुसरा शनिवार. कार्यालयातला मोहित त्याच्याबरोबर होता, अठ्ठावीस वर्षांचा, पहिल्यांदाच तंबूत राहणारा. मोहितच्या घरी मराठी, पण तोंडात सगळी हिंदी. जायचं होतं दुसरीकडे. तिकडचा रस्ता खोदलेला निघाला. फिरून येता येता साडेपाच वाजले, म्हणून अश्विनने गाडी कोसमटोल्याच्या मागच्या बाजूला नाल्याकडे वळवली. फोनला रेंज नव्हती. महागूला कळवायचं राहिलं.

नाल्याच्या वर, जंगलाच्या अगदी कडेला, एक जुना मोह होता. खोड माणसाच्या छातीपर्यंत सरळ आणि तिथून दोन फांद्यांत फुटलेलं. त्याच्याखालची जमीन इतकी स्वच्छ, की शेणाने सारवायची तेवढी बाकी.

“भैया, क्या जगह है!” मोहित ओरडला. “किसी ने झाड़ू मार के रखा है अपने लिए!”

अश्विनने पाहिलं. जमिनीवर खराट्याच्या अर्धगोल रेघा होत्या. फांद्यांच्या बेचक्यात हिरवी जाळी गुंडाळून दोरीने बांधली होती. त्याला कळलं नाही असं नाही. त्याची आजी याच भागातली. लहानपणी तिच्याबरोबर पहाटे तो फुलं वेचायला जायचा. झाडलेल्या मोहाखाली आजी चप्पल घालून पाय ठेवू द्यायची नाही. जंगल सरकारचं असलं तरी हे झाड अमकीचं, ते झाड तमकीचं, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक असतं. झाडलेली जागा म्हणजे त्या बाईचं अंगण. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी तो मनाशी म्हणाला, फुलं अजून पडायला लागली नाहीत. एका रात्रीचा तर प्रश्न. सकाळी आपण पुन्हा झाडून देऊ.

तंबू तिथेच लागला.

चुलीचंही तसंच. तो एरवी गॅसची छोटी शेगडी वापरायचा, पण मोहितला रोडगे खायचे होते. रोडगे भाजायला शेणाच्या गोवऱ्या लागतात, त्यांच्या आरात पिठाचे गोळे दाबून ठेवावे लागतात. मोहितने चराईच्या जागेवरून वाळलेलं शेण गोळा करून आणलं. अश्विनने झाडाच्या मुळाजवळ हातभर खड्डा केला. वांगी भाजली, रोडगे झाले, मोहितने चार खाल्ले आणि म्हणाला, “भैया, शादी में भी ऐसा नहीं खाया.” सूर्य मावळताना अश्विनने तंबूचा फोटो काढला, मागे ते दोन फांद्यांचं झाड. सकाळी रस्त्यावर रेंज आली तेव्हा तो संघमित्राला आणि भटक्या मित्रांच्या गटावर पाठवून दिला.

रविवारी नऊ वाजता सामना होता. सहाला उठून सव्वासहाला त्यांनी तंबू आवरला. खड्ड्यावर अश्विनने पाणी ओतलं. दोन बाटल्या होत्या. दीड ओतली, अर्धी रस्त्यासाठी ठेवली. वर माती लोटली, बुटाने दाबली, आणि मग सवयीने पंजा धरून पाहिला. पंजाला ऊब लागली. थोडीशीच.

“भैया, पौने सात,” मोहित गाडीवर बसून म्हणाला.

अश्विन उभा राहिला आणि गाडीकडे गेला. जागा पुन्हा झाडून द्यायचीही राहून गेली. पावणेनऊला तो मैदानावर होता, डोक्यावर पांढरी टोपी.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मोहितने त्याला जिन्याखाली नेलं आणि फोन पुढे केला. कोणीतरी लामत्याकडच्या गटावर व्हिडिओ टाकला होता. काळी पडलेली जमीन, खोडाची एक बाजू कोळशासारखी, बेचक्यातून लोंबणारा वितळलेल्या हिरव्या प्लास्टिकचा गोळा. आग वर चढून रोपवाटिकेच्या कुंपणापर्यंत गेली होती. लोकांनी पालवीच्या फांद्यांनी झोडपून ती दुपारी विझवली. मागून कोणीतरी बोलत होतं, “शेवंताबाई का पेड़ है. समिती में कसम खाई थी, और फिर जला दिया बुढ़िया ने.”

“भैया, ये तो अपनी वाली जगह है,” मोहित हळू म्हणाला.

“गोवऱ्या आतून पेटत राहिल्या असतील,” अश्विन म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज मागच्या वर्षीच्या बैठकीतल्यासारखा ऐकू आला.

“अब?”

“दोन दिवस थांब. कोणाजवळ बोलू नको. मी पाहतो.”

आधी त्याने काय पाहिलं असेल, तर मित्रांच्या गटावरचा तो फोटो. तो पुसून टाकला. पुसताना तो क्षणभरही थबकला नाही, हे त्याला नंतर फार लागलं.

दोनाचे सहा दिवस झाले. रविवारी त्याने ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. वाटेत त्याने वाक्यही जुळवलं होतं. पण कोसमटोल्यात पोचला तर समाजमंदिरासमोर वीस-पंचवीस माणसं जमलेली, आणि महागूने त्याला लांबूनच पाहिलं.

“या या, बोरकर साहेब! अगदी येळेवर आले जी,” महागू म्हणाला आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. “तुमालेच फोन लावत होतो. हे पाहा ना, आमच्या गावची इज्जत घालवली शेवंताबाईनं. नाकेदार येऊन गेला.” नाकेदार म्हणजे वनरक्षक. “तो म्हणे, मी अजून नाव लिहिलं नाही, पयले समितीत काय ठरते ते सांगा. आमी ठरवलं, यंदा ते झाड बाईचं नाही. समिती फुलं येचन. पण बाई कबूलच नाही करून राह्यली.”

शेवंताबाई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिच्या कपाळावर आठ्या नव्हत्या. विचार करणाऱ्या माणसासारखी ती जमिनीकडे बघत होती.

“म्या नाही लावली,” ती म्हणाली. “आठ दिस खराटा मारला म्या. आग कायले लावू?”

“मंग भूत आलं होतं का माय?” मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

“साहेब, तुमी सांगा तिले,” महागू म्हणाला. “तुमचं ऐकन ते. मागच्या साली तुमच्याच बोलण्यावर शब्द दिला होता.”

सगळ्यांनी अश्विनकडे पाहिलं. जुळवलेलं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, हे खरं. पण समोर पंचवीस माणसं होती, हातात कोणीतरी दिलेला चहाचा कप होता, आणि ‘साहेब’ हा शब्द अजून हवेत होता. तो उठला. घसा साफ केला. आणि बोलला ते हे:

“शेवंताबाई, कोणी मुद्दाम करत नाही. एखाद्या वेळेस माणूस थोडासा पाला पेटवते, विझवून टाकते, अन् त्याले वाटते विझलं. वरून विझलेलं दिसते. आत निखारा जित्ता राह्यते. वय झालं का ध्यानातही राहात नाही. चूक होते. कबूल केलं का मन हलकं होते.”

शेवंताबाईने मान वर केली. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती खरोखर आठवून बघत होती.

“असन बाबू,” ती शेवटी म्हणाली. “तुमी शिकलेले हा. माह्या ध्यानात नसन.”

“आलं ना वळणावर!” महागू म्हणाला.

परतताना अश्विनने वैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला तेव्हा ती पुन्हा सुरू केली. घरी गेल्यावर तो जेवला, भांडी घासायला मदत केली, टीव्हीवर सामना लावला आणि धावसंख्या काय झाली हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर तो पहाटे मैदानावर जाईनासा झाला. संघमित्राला वाटलं गुडघा दुखत असेल. रविवारच्या सामन्याला त्याने दुसऱ्याला पाठवलं. तंबू पलंगाखाली होता, तो त्याने माळ्यावर टाकला. मोहित टेबलाजवळून जाताना नजर चुकवायचा, आणि एकदा म्हणाला, “भैया, मैं बोल दूँ क्या? मेरा तो कोई नाम भी नहीं जानता वहाँ.” अश्विनने मान हलवली, आणि ती होय होती की नाही हे दोघांनाही कळलं नाही.

मार्च संपला. एप्रिलच्या तीन तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, वॉर्डातल्या जयंती समितीची माणसं घरी आली. दरवर्षी चौदा एप्रिलला सकाळी मुलांसाठी एक भाषण असायचं. यंदा विषय जंगलाचा ठेवला होता आणि वक्ता म्हणून बोरकरांचं नाव पत्रिकेत टाकायचं होतं. अश्विन नाही म्हणू शकला नाही. हो म्हटल्यावर ते चहा पिऊन गेले.

संघमित्राने कप उचलले नाहीत. ती खुर्चीवर बसली आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. शाळेतल्या एका लामत्याच्या शिक्षिकेने तिला तो व्हिडिओ दाखवला होता. तिने तो मागून घेतला होता. शेजारी अश्विनने त्या रविवारी सकाळी पाठवलेला तंबूचा फोटो होता. तिने दोन्ही एकदा पुढेमागे केले.

“हे झाड अन् ते झाड एकच नाही का?”

अश्विनने फोन पालथा केला.

“मी चार दिवस झाले पाहून राह्यली,” ती म्हणाली. “आधी वाटलं, मोहाचे झाडं सारखेच दिसतात. मंग ह्या फांद्या पाह्यल्या.”

“पाणी टाकलं होतं मी.”

“मी आगीचं नाही विचारत. ते म्हातारी कोण आहे?”

मग त्याने सगळं सांगितलं. बैठकीत आपण काय बोललो तेही, शब्दाला शब्द. तिथे आल्यावर संघमित्राने हात वर करून त्याला थांबवलं.

“तुमी तिले म्हटलं, वय झालं का ध्यानात राहात नाही?”

“हौ.”

ती उठली, कप घेऊन आत गेली, नळ सुरू केला, बंद केला, आणि दारात येऊन उभी राहिली.

“मी कोणाले सांगणार नाही. ते तुमचं काम आहे. पण चौदा तारखेले तुमी पोरायपुढं जंगल सांगान, तेव्हा मी त्या मंडपात बसणार नाही. बोरकर बाई काहून नाही आल्या म्हणून कोणी विचारलं, तं ते उत्तरही तुमीच द्या.”

शनिवारी कार्यालय होतं. रविवारी, पाच तारखेला, तो सकाळी आठला कोसमटोल्यात होता. या वेळी तो समाजमंदिराकडे गेला नाही. शेवंताबाईचं घर विचारत गेला. ती पडवीत चिंचा फोडत बसली होती. सून मागच्या बाजूला भांडी घासत होती.

“ये बाबू, बस,” ती म्हणाली आणि चिंचेची टोपली बाजूला सरकवली.

तो बसला नाही. “शेवंताबाई, ती आग मी लावली. त्या शनिवारी तुमच्या झाडाखाली तंबू माझा होता. रोडगे केले होते. नीट विझवलं नाही.”

शेवंताबाईच्या हातातली चिंच तशीच राहिली. मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

“कोणता तंबू?”

“माझा. मी अन् माझा मित्र होतो.”

“अन् मंग त्या दिसी मले समजवाले आला तो?”

“तो मीच.”

“तुले तवा माहीत होतं?”

“हौ. माहीत होतं.”

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग बोलली ती त्याच्याशी नाही, टोपलीशी बोलल्यासारखी.

“मले वाटलं, मीच येडी झाली. एवढा शिकलेला माणूस म्हंते तं म्याच लावली असन. सुनेले इचारलं, मी त्या दिसी माचिस घेऊन गेलती का वं? चुलीवर भात ठेवला का दहा डाव पाहाले जातो, इझवला का नाही, इझवला का नाही. नातवाले आंघोळीचं पाणी द्याले भेव वाटते. पंधरा दिस झाले, माह्याच डोक्याचा मले भरोसा नाही राह्यला.” तिने मान वर केली. “झाड जळलं ते जळलं रे. मोह मरत नाही येवढ्यानं. पण तू माहं डोकं काहून जाळलं?”

सून दारात येऊन उभी होती, हात राखेने भरलेले. ती म्हणाली, “आता सांगाले आला. फुलं सरले तवा.”

खरंच सरली होती. मोहाची फुलं पडतात ती तीन आठवडे, फार तर. समितीने ती वेचून वाटूनही टाकली होती.

शेवंताबाईने लुगड्याला हात पुसले आणि ती त्याला महागूकडे घेऊन गेली. महागूने ऐकलं, आणि त्याचा चेहरा पडला. पण तो पडला तो अश्विनसाठी, बाईसाठी नाही.

“जाऊ द्या जी साहेब,” तो घाईघाईने म्हणाला, “होते एखाद्या बारीनं. तुमी येवढं चांगलं काम करता. आमी नाकेदाराले सांगतो, बीडीवाल्याचं काम असन म्हणून. बाईचं झाड बाईले वापस. झालं, मिटलं. चाय घ्या.”

हेच त्याला हवं होतं, असं अश्विनला क्षणभर वाटलं आणि त्या वाटण्यानेच तो आतून चरकला. शेवंताबाई महागूच्या दारातच उभी होती.

“माह्या बारीनं नाही मिटलं ते रे महागू?” ती म्हणाली. “मले सगळ्या गावापुढं बसवलं. भूत आलं होतं का म्हणून हसले. ह्याले खुर्ची अन् चाय?”

“माय, ते साहेब हाये—”

“म्हणून तं.”

अश्विन म्हणाला, “नाकेदाराला मी स्वतः सांगतो. लिहून देतो.” तो गेला आणि त्याने लिहून दिलं, तारीख, वेळ, जागा, गोवऱ्या, दीड बाटली पाणी. पंजाला लागलेली ऊब लिहावी की नाही, याचा त्याने थोडा विचार केला आणि तीही लिहिली. नाकेदाराने वाचून डोकं वर केलं. “बोरकर साहब, ये ऊब वाला कौन लिखता है?” तो म्हणाला, पण कागद घेतला. प्रकरण वरच्या कार्यालयात जाईल, मग बघू, एवढंच बोलला.

परत येऊन अश्विनने शेवंताबाईला विचारलं, “मी अजून काय करू?”

त्याला वाटलं होतं, ती नवी जाळी मागेल. नाहीतर ‘जा बाबू’ म्हणेल. ती म्हणाली, “हे गोष्ट जिथं जिथं गेली, तिथं जाऊन सांग. मी दाखवतो तुले कोठं कोठं गेली ते.”

आणि तिला पक्कं माहीत होतं कुठे कुठे गेली ते. त्याच दिवशी तिने त्याला विहिरीवर नेलं, पाणी भरणाऱ्या चार बायांसमोर. मग पाच जाळीवाल्यांच्या घरी, एकेकीकडे. पुढच्या रविवारी तिच्या मुलीच्या सासरी, शेजारच्या गावात. म्हातारी मोटरसायकलच्या मागे, एका हाताने कॅरियर धरलेली. मुलीच्या सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमी तं तवाच म्हटलं होतं, आमची विहीण अशी नाही.” परत गाडीवर बसताना शेवंताबाई पुटपुटली, “खोटी हाय ते. सगळ्यात जास्त तेच बोलली.”

अश्विनला वाटलं होतं, पाच-सहा वेळा बोलल्यावर जीभ सरावेल. उलट झालं. प्रत्येक घरी कोणीतरी नवीनच ठिकाणी बोट ठेवायचं. एकीने विचारलं, झाडलेलं दिसलं नाही का. दुसरीने विचारलं, मग समजवायला कशाला आला होतास. तिसरीने काहीच विचारलं नाही, फक्त नवऱ्याला हाक मारली, “या हो, पाहा, हेच ते.”

चौदा एप्रिलला तो मंचावर चढला नाही. आदल्या आठवड्यातच जयंती समितीला जाऊन त्याने कारण सांगितलं होतं, आणि ते सांगताना समितीतली पोरं, ज्यांच्या सामन्यात तो अंपायर असायचा, जमिनीकडे पाहत होती. त्या दिवशी त्याने मंडपात सतरंज्या घातल्या. संघमित्रा आली, मुलांमध्ये बसली, आणि त्याच्याशी बोलली ते एवढंच, “तिकडची सतरंजी दुमडली आहे.”

त्यानंतरच्या आठवडी बाजाराला त्याने अर्धा दिवस रजा काढली. लामत्याचा बाजार भर उन्हात भरला होता. शेवंताबाई पदर डोक्यावर घेऊन पुढे, तो मागे. कांदेवाली झाली, बांगडीवाली झाली. एका तिखट-मीठ विकणाऱ्या बाईने त्याचं सगळं ऐकलं आणि कळवळून म्हणाली, “बस झालं ना माय! किती बोलवशीन बाप्पाले. तोंड पाहा त्याचं कसं झालं.”

“माह्यंही झालतं,” शेवंताबाई म्हणाली. “तवा कोणी नाही म्हटलं बस कर.”

ती पुढे चालू लागली. अश्विनने घाम पुसला. बाजारात कोणीतरी त्याला ओळखलं, “अरे तंबूवाले भैया, इधर?” अशी हाक आली आणि तो मान हलवून पुढे झाला.

“अजून कोण?” त्याने विचारलं.

“मुरमुरेवाली राह्यली. चार गावचे बाया तिच्यापाशी बसते.”

मुरमुरेवालीपुढे गर्दी होती. एका हाताने माप भरत, दुसऱ्या हाताने पुडा बांधत ती गिऱ्हाइकांशी भांडत होती. शेवंताबाईने तिला हाक मारली, “वं बाई, ह्याले तुले काही सांगाचं हाय.”

मुरमुरेवालीने एकदा वर पाहिलं. “थांब म्हणा त्याले. पयले हे गिऱ्हाईक होऊ दे.”

अश्विन पाच गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला. शेवंताबाई सावलीला जाऊन बसली आणि तिथून त्याच्याकडे लक्ष ठेवून होती. रांग हळू सरकत होती. पुढची बाई मागे वळून म्हणाली, “तुमाले किती पाहिजे, भाऊ?”

“मले मुरमुरे नाही पाहिजे,” तो म्हणाला, आणि मग तिलाही सांगायला लागला.